अश्मीभूत काष्ठ आणि उत्खातभूमी : दोन संज्ञांचा विचार

सांगोल्याच्या माळरानावर सापडणारी गारगोटी आणि अमेरिकेतील ॲरिझोनाच्या मरुभूमीत आडवे पडलेले दगडी ओंडके यांचे द्रव्य एकच, ते म्हणजे सिलिका. गारगोटीत ती लाव्हाच्या पोकळीत साचली, ओंडक्यांत लाकडाच्या पेशींमध्ये. अशा ओंडक्यांना मराठीत ‘अश्मीभूत काष्ठ’ म्हणतात.

‘अश्मीभूत’ हे रूप च्वि-प्रत्ययाने सिद्ध होते. जे पूर्वी तसे नव्हते ते तसे होणे, म्हणजे ‘अभूततद्भाव’, हा त्या प्रत्ययाचा अर्थ वैयाकरणांनी सांगितला आहे. त्यानुसार काष्ठच पाषाण झाले असा बोध होतो. अहल्येची शिळा झाली, तसा. प्रत्यक्षात घडते ते निराळे. पुराबरोबर वाहत आलेले खोड गाळाखाली त्वरेने पुरले जाते. प्राणवायूच्या अभावी कुजण्याची क्रिया मंदावते. ज्वालामुखीच्या राखेतील सिलिका विरघळवून आणणारे भूजल पेशीपेशींत झिरपते. लाकडाचे द्रव्य कालांतराने बहुतांशी नाहीसे होते, आकार तेवढा उरतो. तेव्हा दगडाने लाकडाचा आकार घेतला, असे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून होईल. (तेवढ्यासाठी रूढ संज्ञा बदलावी, असे मात्र नाही.) नव्हाहो लोकांनी तर या ओंडक्यांत येइत्सो नामक राक्षसाची हाडे पाहिली.

‘उत्खातभूमी’ची गोष्ट उलट आहे. इंग्रजी ‘बॅडलँड्स’च्या मागे लाकोटा भाषेतील ‘माको सीचा’, म्हणजे वाईट भूमी, हा प्रयोग आहे. ते वाटसरूचे गाऱ्हाणे होय. मराठी संज्ञा मात्र कारणच सांगते : भूमी उकरली गेली आहे. मऊ मृत्तिकेचे थर, विरळ वनस्पती आणि क्वचितच, पण जोराने कोसळणारा पाऊस एकत्र आले म्हणजे असंख्य घळी पडतात. थरांतील लोहाला प्राणवायू मिळाला तेथे तांबडा रंग येतो. पाणथळीमुळे तो मिळाला नाही तेथे निळसर करडा. माणदेशातही पाऊस तुटपुंजाच, परंतु पातळ मातीखाली कठीण बेसाल्ट असल्याने तेथे माळ उघडा पडतो, रंगीत घळींचे रान होत नाही.

हे प्रत्यक्ष पाहू इच्छिणाऱ्यास भारतातही स्थळे आहेत. महाराष्ट्रात सिरोंचा तालुक्यातील वडधम, मध्य प्रदेशात घुघवा, तमिळनाडूत तिरुवक्करै. मरुभूमीतलेच हवे असेल, तर जैसलमेरनजीकचे आकल. तेथील खोडे ज्युरासिक काळातील आहेत. ॲरिझोनातील ओंडके त्याहूनही प्राचीन, वीस कोटी वर्षांपलीकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते भरडून घर्षणद्रव्य करण्यासाठी तेथे गिरणीही आणली गेली होती. १९०६ मध्ये ते क्षेत्र राष्ट्रीय स्मारक आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले.

तेथून दगड उचलून नेण्यास मनाई आहे. तरीही नेलेले तुकडे पश्चात्तापाच्या पत्रांसह टपालाने परत येत राहतात. परंतु तुकडा कोणत्या थरावरून उचलला हे कळण्यास मार्ग नसल्यामुळे तो मूळ जागी ठेवता येत नाही. उद्यानाचे कर्मचारी अशा तुकड्यांचा वेगळा ढीग करतात.