जुन्या गाडीतला फोन : हंगामापूर्वी करून घेण्याचे एक काम



गळीत हंगाम तोंडावर आला की प्रत्येकाची एक यादी ठरलेली असते. फडापर्यंतची वाट मुरूम टाकून नीट करायची, लागण-खोडव्याच्या नोंदीची तारीख गट ऑफिसात ताडून पाहायची, मुकादमाची गाठ घ्यायची, ट्रॉलीचे टायर बघायचे. या यादीत आणखी एक बारीकसे काम घालावे, असे आम्ही सुचवीत आहोत. घरात जी जुनी चारचाकी आहे, मग ती मारुती ८०० असो, इंडिका असो, सुमो असो की बोलेरो, तीत फोन हातात न धरता बोलण्याची सोय करून घ्यावी.

ऊस विकास अधिकाऱ्याने फोनवर काय म्हणून लिहावे, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. तोडीनंतर चोवीस तासांच्या आत तो गाळला जावा, असे आम्ही दरसाल सांगतो, कारण उशीर होईल तसे वजन घटते आणि उताराही पडतो. सभासदाला हे पुरते ठाऊक असते, म्हणूनच हंगामात आलेला फोन कोणी नुसता वाजू देत नाही. 'अण्णा, ट्रॉली चिखलात रुतलीया, दुसरा ट्रॅक्टर धाडा.' 'दादा, उद्या टोळी तुमच्याकडं येणार, वाडं कुणाला द्यायचं ते सांगून ठेवा.' असले निरोप उद्यावर टाकता येत नाहीत. मग गाडी चालती असली तरी हात खिशाकडे जातोच. एका हातात स्टिअरिंग, मान वाकडी करून खांद्यात दाबलेला फोन, आणि पुढे चढ लागला की गिअर कोणत्या हाताने टाकायचा याची पंचाईत.

थोडा हिशेब मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात सुमारे ५५ फूट जाते. खिशातून फोन काढायचा, नाव वाचायचे, बोट फिरवून तो घ्यायचा, याला पाच सेकंद धरले तर तेवढ्यात पावणेतीनशे फूट अंतर मागे पडते. गुंठ्याची बाजू ३३ फुटांची. म्हणजे एका ओळीत मांडलेले आठ गुंठे आपण रस्त्याकडे न बघता ओलांडले. रात्रीच्या वेळी त्या आठ गुंठ्यांत काय काय असू शकते, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. मागे दिवा किंवा चकाकती पट्टी नसलेली ट्रॉली, टायर फुटून कडेला उभी राहिलेली जोडगाडी, फडावरून परत निघालेले तोडणी मजूर, लेकरे अंगावर घेऊन चाललेल्या बाया.

कायद्याचेही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार वाहन चालवताना फोन हातात धरून वापरणे हे कलम १८४ खाली धोकादायक रीतीने वाहन चालवण्यात मोडते, आणि त्याला दंडाबरोबर कैदेचीही तरतूद आहे. २०२० साली नियमांत बदल झाला. तेव्हापासून चालकाने हातातले यंत्र वापरायचे ते फक्त रस्ता पाहण्यापुरते, आणि तेही लक्ष ढळणार नाही अशा बेताने.

आता मूळ विषय. फोन आणि गाडी यांची गाठ घालणाऱ्या बिनतारी जोडणीला ब्लूटूथ म्हणतात. हिचे काम १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत सुरू झाले आणि १९९८ साली पाच कंपन्यांनी एकत्र येऊन ते पुढे नेले. नाव गमतीचे आहे. दहाव्या शतकात हॅराल्ड नावाचा एक डॅनिश राजा होऊन गेला, त्याचे टोपणनाव 'निळा दात'. त्याने डेन्मार्क आणि नॉर्वे एका सत्तेखाली आणले, तशी ही जोडणी निरनिराळ्या यंत्रांना एकत्र आणते, म्हणून हे नाव. हिचा पल्ला साधारण दहा मीटर, म्हणजे एका गुंठ्याच्या बाजूइतका. लहरी सेकंदाला १६०० वेळा आपली पट्टी बदलतात, शिवाय फोन आणि यंत्र यांची ओळख आधी एकदा करून द्यावी लागते. त्यामुळे काट्यावर दहा गाड्या ओळीने उभ्या असल्या तरी एकाचे बोलणे दुसऱ्याच्या गाडीत जात नाही.

जुन्या गाडीत ही सोय बसते का? बसते. फक्त आपल्या डॅशबोर्डात आज काय आहे ते आधी बघायचे.

काहीच नसेल, टेप नाही, रेडिओ नाही, तर चालकाच्या डोक्यावरच्या ऊन अडवायच्या झडपेला चिमट्याने अडकवायचा एक लहान स्पीकर मिळतो. माईक त्यातच असतो आणि तो घरी फोनसारखा चार्ज करता येतो. गाडीच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही, आणि एका गाडीतला काढून दुसरीत लावता येतो. ताडपत्रीच्या उघड्या जीपमध्ये मात्र त्याचा आवाज पुरत नाही.

रेडिओ असेल तर एफएम ट्रान्समीटर. बाजारात सर्वांत जास्त खपतो तो हाच, आणि याच्याबद्दल तक्रारीही सर्वांत जास्त येतात. म्हणून थोडे सविस्तर सांगतो. सिगारेट पेटवायच्या सॉकेटात ही कांडी बसते. फोनवरचा आवाज ती ब्लूटूथने घेते आणि अगदी मंद एफएम लहरींवर पुन्हा सोडते. गाडीचा रेडिओ त्याच आकड्यावर लावला की समोरच्याचे बोलणे गाडीच्या स्पीकरमधून ऐकू येते. आकडा निवडताना रेडिओ फिरवून जिथे नुसती खरखर असेल ती जागा धरायची. खेडेगावात अशा मोकळ्या जागा रग्गड. शहराजवळ जाल तशा त्या भरलेल्या सापडतात आणि मुकादमाच्या बोलण्यात मधेच आकाशवाणी घुसते. दोन आकडे आधीच ठरवून ठेवले की निभावते, पण आकडा बदलायचा तो गाडी उभी करूनच. दुसरी गोष्ट सॉकेटची. जुन्या गाडीत तो सैल झालेला असतो, आत धूळ असते, आणि खड्डा आला की कांडीचा दिवा विझतो. इलेक्ट्रिशियनकडून पाच मिनिटांत साफ करून घ्यावा. तिसरी म्हणजे काही गाड्यांत किल्ली काढली तरी सॉकेटला करंट राहतो. कांडी तशीच राहिली आणि गाडी चार-सहा दिवस जागेवर उभी राहिली, तर आधीच थकलेली बॅटरी बसायला तेवढे कारण पुरते.

कॅसेटचा टेप असेल तर कॅसेटच्याच आकाराचा अडॅप्टर मिळतो. टेपचे पट्टे शाबूत असले तर आवाज एफएमपेक्षा स्वच्छ येतो. पण पट्टे शाबूत असलेला टेप आता किती गाड्यांत उरला आहे, हा प्रश्नच आहे.

टेपला हेडफोनच्या आकाराचे भोक असेल, ज्याला ऑक्स म्हणतात, तर आपले नशीब चांगले. बोटभर ब्लूटूथ रिसीव्हर त्याला जोडला की काम झाले, फक्त घेताना त्यात माईक आहे याची खात्री करा. नुसत्या गाण्यांसाठीचे रिसीव्हरही त्याच रूपाचे असतात. रिसीव्हर गाडीवरच चार्जिंगला लावला की कधीकधी शिटीसारखा आवाज सुरू होतो आणि ॲक्सिलरेटर दाबेल तसा तो चढतो. हा आवाज ऑल्टरनेटरकडून अर्थिंगच्या वाटेने येतो. मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी टाकली की बहुधा थांबतो. काही जण त्या शिटीला वैतागून चांगला रिसीव्हर फेकून देतात, तसे करू नये.

ज्याला दोन पैसे जास्त घालवता येतात त्याने सरळ ब्लूटूथचा नवा सेटच बसवावा, असे आमचे मत आहे. जुन्या गाड्यांतली खाच बहुतेक एकेरी मापाची, १८० बाय ५० मिलिमीटरची असते, मोठ्या पडद्याच्या सेटला याच्या दुप्पट उंची लागते. पडद्याच्या मोहात पडून डॅशबोर्ड कापून घेऊ नये. एकेरी सेट घ्यावा, पण वेगळ्या वायरीचा बाहेरचा माईक लावता येईल असाच घ्यावा.

वायरिंग करताना समोर उभे राहा. बाजारात मिळणाऱ्या सेटची पिवळी वायर बॅटरीवरून कायम करंट घेते, लाल वायर किल्लीवरून आणि काळी अर्थ. पिवळी-लाल उलट लागली तर किल्ली बंद केली की सेट घड्याळ, स्टेशने सगळे विसरतो. दोन्ही वायरी थेट बॅटरीवर दिल्या तर सेट झोपतच नाही आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. गाडीच्या मूळ वायरी कापून पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळणारे कारागीर पुष्कळ भेटतात. त्यांना गाडीच्या मापाचा कपलर आणायला सांगा, तो महाग नसतो. आणि फ्यूज! डीपीवर फ्यूजच्या जागी तार घालायची आपल्याकडची जुनी खोड गाडीत आणू नका. शेतातली मोटर जळली तर ती पुन्हा भरून घेता येते, गाडीला आग लागली तर आत माणसे असतात. ऊस वाहतुकीच्या ट्रकवाल्यांनी आणखी एक पाहावे. मोठ्या ट्रकची वीज सहसा २४ व्होल्टची असते आणि कारचा सेट १२ व्होल्टचा. तो तसाच जोडला तर पहिल्याच दिवशी जळेल.

सेट कोणताही असो, निम्मे यश माईकच्या जागेवर ठरते. डिझेल गाडीत गिअरजवळ ठेवलेला माईक आपले बोलणे कमी आणि इंजिनाची धडधड जास्त पाठवतो. माईक झडपेजवळ किंवा पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर, तोंडापासून हातभर अंतरावर असावा, आणि पंख्याच्या वाऱ्याच्या झोतात नसावा. बोलताना काच वर घ्यावी. आवाज सगळ्या गाडीला ऐकू जातो, हेही विसरू नये. मुलीसाठी स्थळ बघायला निघालेली मंडळी मागे बसलेली आणि मुकादम उचलीवरून तिकडून तोंड सोडतोय, असे प्रसंग घडतात.

एवढे सगळे करून एक गोष्ट उरतेच, आणि ती या लेखातली सर्वांत महत्त्वाची आहे. या सोयीने हात मोकळे होतात, डोके मोकळे होत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ येथे अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो अभ्यास २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. गाडी चालवताना फोन वापरल्याने अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असे त्यात दिसले, आणि फोन हातातला होता की हात मोकळे ठेवणारा, याने फारसा फरक पडला नव्हता. याचे कारण समजण्यासारखे आहे. शेजारी बसलेला माणूस समोरची ट्रॉली बघून आपोआप गप्प होतो. फोनवरच्या माणसाला ट्रॉली दिसत नाही, तो बोलतच राहतो.

मग पैसे कशाला घालवायचे? एवढ्याचसाठी की फोन घेतल्याशिवाय हंगामात आपल्यातला कोणी राहणार नाही, हे आम्ही जाणतो, आणि निदान शोधाशोध करताना जाणारे ते आठ गुंठे तरी वाचावेत. गाडीत बोलायचे ते दोन वाक्यांचे. 'गाडीवर आहे, दहा मिनिटांत करतो.' वजनातला वाद, उचलीचा हिशेब, भावकीतली कुरबुर हे विषय निघाले की गाडी रस्त्याखाली घ्यावी. आणि फोन करणाऱ्यावरही थोडी जबाबदारी आहे. शेती मदतनीस असो, चिटबॉय असो की घरचे माणूस, पहिला प्रश्न 'गाडीवर हाय का?' असाच विचारावा, आणि 'होय' म्हटल्यावर फोन ठेवून द्यावा. आमच्या खात्यातील मंडळींना आम्ही हेच सांगत असतो.

ही सोय ट्रॅक्टरसाठी नाही, हेही स्पष्ट लिहितो. ट्रॅक्टरवर मोठ्या स्पीकरवर गाणी लावून, मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन जाणाऱ्या चालकाला मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. त्यात फोनची भर नको. ट्रॅक्टरचालकाने फोन घ्यायचा तो ट्रॅक्टर बाजूला लावून, इंजिन बंद करूनच.

सेट बसवून आणल्यावर त्याची परीक्षा दारातच घ्यावी. इंजिन चालू ठेवा, काचा वर करा, पंखा लावा आणि घरातल्या कोणाला तरी फोन करा. 'आवाज येतोय का?' असे विचारू नका, त्याला सगळे जण होच म्हणतात. 'सतरा टन सहाशे चाळीस' असा एखादा वजनाचा आकडा सांगा आणि तो परत म्हणून दाखवायला लावा. तीन वेळा वेगवेगळे आकडे बरोबर आले तर माईक जागेवर आहे. नाही आले तर कारागिराचे पैसे देण्यापूर्वीच तो चार बोटे सरकवून घ्या.