तोंडाला दुपट्टा बांधला म्हणजे फवारणी सुरक्षित?

कपाशीवर औषध मारताना तोंडाला दुपट्टा बांधला की पुरे, हे अमरावती-अकोल्याच्या शिवारात हंगामागून हंगाम ऐकू येते. ही समजूत जिवावर बेतणारी आहे. उघड्या शेतात फवारणीचे विष मुख्यतः त्वचेतून शरीरात शिरते. नोझलमधून उडणारे बहुतेक थेंब फुप्फुसांपर्यंत पोहोचण्याइतके बारीक नसतात. ते मानेवर, हातांवर, मांड्यांवर बसतात. पॅराथिऑन या कीटकनाशकाचे माणसांवर झालेले प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताच्या कातडीतून सुमारे ९ टक्के, कपाळावरून ३६ टक्के, तर अंडकोषाच्या त्वचेतून जवळपास सगळे विष शोषले गेले. ओल्या पॅन्टने दिवसभर फवारणारा माणूस नाक झाकून नेमका सर्वांत नाजूक भाग उघडा टाकतो. भिजलेला दुपट्टा तर विष चेहऱ्यालाच चिकटवून ठेवतो.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अकोल्यातही रुग्ण दाखल झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोहोचली होती. अशा पिकात फवारा वर धरावा लागतो आणि तो अंगावरच परततो. एवढे होऊनही ‘पुरुषांना जिवाची पर्वा नाही, म्हणून संरक्षक किट घालत नाहीत’ असे म्हणून विषय संपवला जातो. ते खोटे आहे. दुपट्टा बांधणारा काळजी घेतोच. धोका कुठून येतो हे त्याला कोणी नीट सांगितलेले नसते. शिवाय सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उन्हात रबरी कोट घालून काम होत नाही, आणि मजुरी पंपामागे ठरली असेल तर थांबणे परवडत नाही. कमरेपासून खाली पाणी न शिरणारे आवरण, पूर्ण बाह्या, हातमोजे, गमबूट, वाऱ्याकडे पाठ आणि काम संपताच साबणाने आंघोळ, एवढे मात्र त्या उन्हातही जमते.

अशाच आणखी काही समजुती:

‘वर्षानुवर्षे मारतो, सवय झाली’: सवय होत नाही. पॅराथिऑनसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाने शरीरातले कोलिनेस्टरेज हे विकर घटते आणि भरून यायला अनेक आठवडे लागतात. रोजची फवारणी ते आणखी खाली नेते.

‘घामावाटे विष निघून जाते’: उलट घामेजलेल्या त्वचेतून ते अधिक वेगाने आत जाते.

‘लेबलवर हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक’: त्याचा अर्थ तुलनेने कमी विषारी, एवढाच.

‘दूध-ताक प्यायल्याने विष उतरते’: उतरत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेवर ॲट्रोपिन लागते आणि ते रुग्णालयातच मिळते. बाहुल्या बारीक होणे, लाळ गळणे, उलट्या, धाप यांपैकी काहीही दिसताच कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. लेबल पाहिल्यावर डॉक्टरांना उपचार ठरवता येतात.