दोन-तीन हजारांतला मेकॅनिकल कीबोर्ड

लिपिक-टंकलेखक पदासाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाला मराठी टंकलेखनाचा मिनिटाला ३० शब्दांचा किंवा इंग्रजीचा ४० शब्दांचा वेग लागतो. त्याच्या प्रमाणपत्राची ‘जीसीसी-टीबीसी’ परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर अशा गावांतले टायपिंग इन्स्टिट्यूट चालतात ते या परीक्षेच्या जोरावर. संध्याकाळी तिथे बोटे चालवून आलेला मुलगा रात्री घरच्या संगणकावर ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’सारखा गेम उघडतो. वडिलांचे दुकान असेल तर त्याच संगणकावर दिवसा हिशेबाची टॅली चाललेली असते. एकाच कीबोर्डने ही तिन्ही कामे करायची आणि खर्च दोन-तीन हजारांच्या आत ठेवायचा, हा जिल्ह्याच्या गावातला खरा प्रश्न आहे. जाहिरातींमधल्या रंगीत दिव्यांकडे पाहून तो सुटत नाही.

खरे तर स्वस्त मेकॅनिकल कीबोर्ड भारताला नवा नाही. चेन्नईच्या टीव्हीएस इलेक्ट्रॉनिक्सचा ‘टीव्हीएस गोल्ड’ अनेकांनी नाव न कळताही ऐकलेला आहे. बँकेच्या काउंटरमागून, सरकारी कचेरीतून, रेल्वेच्या तिकीट खिडकीतून येणारा तो टक-टक आवाज बहुधा त्याचाच. १०४ बटणांचा हा जाडजूड कीबोर्ड, आणि बटणांखाली जर्मनीच्या चेरी कंपनीचे निळे स्विच. परदेशातले शौकीन ज्या स्विचसाठी भरपूर पैसे मोजत, तो इथे कारकुनाच्या टेबलावर वर्षानुवर्षे राबत होता. पुढच्या काळात गोल्डमध्ये इतर कंपन्यांचे निळे स्विचही आले, पण टिकाऊपणाबद्दलचे त्याचे नाव कायम राहिले. टायपिंगसाठी आजही तो उत्तम आहे. गेमसाठी मात्र तो बनवलेलाच नाही, कारण एकाच वेळी बरीच बटणे दाबून धरण्याची सोय त्यात नाही. भंगारात किंवा लिलावात जुना गोल्ड स्वस्तात मिळाला, तर आधी त्याची पिन पाहावी. गोल पीएस-टू पिन असेल तर नव्या संगणकासाठी आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. नुसता जोडणारा स्वस्त अडॅप्टर बहुधा चालत नाही.

मेकॅनिकल म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घ्यायला हवे, कारण बाजारातली सर्वांत मोठी फसगत इथेच होते. साध्या, म्हणजे मेम्ब्रेन कीबोर्डात सगळ्या बटणांखाली रबराचा एक पत्रा असतो. बटण दाबले की रबराचा फुगवटा खाली बसतो आणि त्याखालचे प्लॅस्टिकचे थर एकमेकांना टेकतात. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग आणि धातूच्या पट्ट्या असलेला वेगळा स्विच असतो. ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी-मेकॅनिकल’ असे लिहून सात-आठशे रुपयांना विकला जाणारा, सप्तरंगी दिव्यांचा कीबोर्ड बहुतेक वेळा मेम्ब्रेनच असतो. ओळखायला अवघड नाही. माहितीत स्विचचे नाव आणि रंग दिलेला नसेल, तर संशय घ्यावा. दुकानात असाल तर एक बटण ओढून वर काढावे. खाली चौकोनी डबी आणि तिच्यात अधिकच्या चिन्हासारखा दांडा दिसला, तर स्विच खरा.

हा दांडा चेरीचा. चेरीने १९८० च्या दशकात ‘एमएक्स’ स्विच आणला, आणि त्याच्या पेटंटची मुदत संपल्यावर चीनमधल्या गेटेरॉन, काईल, औटेमू या कंपन्यांनी तशाच बांधणीचे स्विच कितीतरी कमी किमतीत बनवले. आज दोन-अडीच हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो तो त्यामुळे. पुण्याची कॉस्मिक बाइट, चेन्नईची झेब्रॉनिक्स, चीनची रेडरॅगन, शिवाय रेडगिअर अशी नावे या किमतीत समोर येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच कीबोर्डांच्या पोटात औटेमू किंवा तत्सम स्विचच असतो. म्हणून कंपनीच्या नावाआधी स्विचचे नाव पाहणे शहाणपणाचे.

स्विचचे तीन रंग लक्षात ठेवले तरी पुरते. लाल स्विच सरळ खाली जातो. अडत नाही, वाजत नाही. चेरीच्या मापात त्याला सुमारे ४५ ग्रॅमचा दाब लागतो, एकूण ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवर अक्षर उमटते. पळताना, वळताना तीच-तीच बटणे भराभर दाबायची असतात, म्हणून गेम खेळणारे लाल घेतात. निळ्यात मध्यावर खटका लागतो आणि मोठा आवाज होतो. अक्षर उमटल्याची खूण बोटाला आणि कानाला दोन्हीकडे मिळत असल्याने टायपिंग शिकणाऱ्याला तो आवडतो. तपकिरी स्विचला हलका खटका आहे, पण टक्क आवाज नाही. एकाच खोलीत आजी झोपलेली आणि नातू रात्री अकराला खेळतोय अशा घरात निळा नको. तिन्ही कामांसाठी एकच निवडायचा झाला तर तपकिरी घ्यावा, आणि खेळ हेच मुख्य असेल तर लाल.

आता बटणांची संख्या. इथे गेमरच्या व्हिडिओंमधला सल्ला आपल्याकडे जशास तसा लागू पडत नाही. त्या व्हिडिओंत ६१ बटणांचा आखूड कीबोर्ड मिरवला जातो, कारण माउसला जागा जास्त मिळते. पण त्यात बाणाची बटणे नाहीत, वरची एफ-ची रांग नाही, आकड्यांचा नमपॅड नाही. टॅलीत पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, विक्रीला एफ-८, खरेदीला एफ-९ लागते. दरवेळी एफएन धरून ती दाबणे दुकानदाराला दोन दिवसांत नकोसे होईल. लग्नपत्रिका जुळवणाऱ्या डीटीपी ऑपरेटरची अडचण याहून मोठी. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कित्येक जोडाक्षरे आल्ट दाबून नमपॅडवर आकडे टाइप केल्याशिवाय येत नाहीत. ज्याच्या घरात हिशेब किंवा छपाई आहे, त्याने सरळ १०४ बटणांचा पूर्ण कीबोर्ड घ्यावा. नुसते टायपिंग आणि गेम असेल तर ८७ बटणांचा पुरतो. नमपॅड जातो, बाकी सगळे राहते.

मराठी टायपिंगचा विचार वेगळा करायला हवा. इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या टाइपरायटरवरून आलेली रेमिंग्टन मांडणी आजही शिकवली जाते. विंडोजमध्ये आयती मिळते ती इनस्क्रिप्ट. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती प्रमाण ठरवली. तिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला आहेत. च, ट, ड ही रोजची अक्षरे एन्टरजवळच्या विरामचिन्हांच्या बटणांवर, तर क्ष, त्र, ज्ञ, श्र शिफ्टसह आकड्यांच्या रांगेत. म्हणजे मराठी लिहिताना उजव्या करंगळीला आणि शिफ्टला इंग्रजीपेक्षा जास्त काम पडते. स्वस्त कीबोर्डात शिफ्ट, एन्टर आणि स्पेसबार ही लांब बटणेच आधी खडखडू लागतात, कारण त्यांना तोलणारी तार, म्हणजे स्टॅबिलायझर, सैल असते. दुकानात ही तीन बटणे कडांवर दाबून पाहावीत. अंगठा मध्यावर ठेवून केलेल्या चाचणीत खडखड लपते. घरी ती कमी करता येते. जिथे तार टेकते तिथे कापडी बँड-एडचा तुकडा आणि थोडे सिलिकॉन ग्रीस लावायचे, ही शौकिनांची जुनी युक्ती आहे. देवनागरी अक्षरे छापलेला मेकॅनिकल कीबोर्ड या किमतीत क्वचितच सापडतो. स्टिकर लावता येतात, पण ते लावले की बटणांतून येणारा उजेड अडतो, हे लक्षात असू द्यावे.

गेमसाठी एक गोष्ट तडजोडीची नाही. पुढे पळणे, वाकणे, उडी मारणे आणि शस्त्र बदलणे एकत्र करताना चार-पाच बटणे एकदम दाबलेली असतात. साधा कीबोर्ड अशा वेळी काही बटणे गाळतो. ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेला कीबोर्ड प्रत्येक बटण स्वतंत्रपणे मोजतो. तपासायला नोटपॅड पुरे: दोन्ही शिफ्ट दाबून धरायचे आणि ए पासून झेडपर्यंत अक्षरे टाइप करायची. एखादे अक्षर उमटलेच नाही, तर तो कीबोर्ड गेमसाठी कच्चा. पोलिंग रेट १००० हर्ट्झ असावा, म्हणजे संगणक दर १ मिलिसेकंदाला कीबोर्डची खबर घेतो. १२५ हर्ट्झला हे अंतर ८ मिलिसेकंद होते. ८००० हर्ट्झसाठी जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही.

चुंबकावर चालणारे ‘हॉल इफेक्ट’ कीबोर्डही आता आवाक्याकडे येत आहेत. बोट जरा उचलले की बटण सुटल्याची नोंद होते, ही त्यांची खरी करामत, आणि नेमबाजीच्या गेममध्ये तिचा उपयोग होतो. पण त्यांच्या जाहिरातीत दोन विरुद्ध दिशांची बटणे आपोआप सांभाळणारी ‘स्नॅप टॅप’सारखी सोय ठळक असेल, तर सावध राहावे. काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर ऑगस्ट २०२४ पासून तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने तिच्यावर बंदी घातली आहे.

वाशिम जिल्ह्यासाठी याहून महत्त्वाची आहे दुरुस्ती. १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात होता, आणि संगणकाच्या सुट्या भागांसाठी आजही अनेकांची पावले अकोल्याकडेच वळतात. कंपनीचे सेवा केंद्र त्याहून लांब, पुण्या-मुंबईत किंवा चेन्नईत. त्यात काळ्या मातीचा फुफाटा, आणि सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत उडणारे कुटार. ही धूळ स्विचमध्ये गेली की एक अक्षर दोनदा उमटू लागते. स्विच सोल्डर केलेला असेल तर एका बटणापायी पूर्ण कीबोर्ड कुरिअरने पाठवावा लागतो. ‘हॉट-स्वॅप’ कीबोर्डात तोच स्विच चिमट्याने ओढून काढायचा आणि नवा दाबून बसवायचा, घरच्या घरी, दोन मिनिटांत. म्हणूनच या जिल्ह्यातल्या ग्राहकाने दिव्यांवर खर्च करण्याऐवजी हॉट-स्वॅपसाठी दोन-चारशे रुपये जास्त द्यावेत. यात एक बारकावा आहे. काही स्वस्त कीबोर्डांच्या खोबणीत फक्त औटेमूचे बारीक पिनांचे स्विच बसतात. कॉस्मिक बाइटच्या ‘फायरफ्लाय’सारख्या मॉडेलांबद्दल हे आधी विचारून घ्यावे. काईलच्या खोबणीत मात्र बहुतेक कंपन्यांचे तीन पिनांचे स्विच चालतात.

ऑनलाइन मागवला तर खोका उघडताना व्हिडिओ काढून ठेवावा, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी शिफ्टची चाचणी, लांब बटणांची चाचणी आणि प्रत्येक बटण वीस-पंचवीस वेळा दाबून पाहणे उरकावे. स्विच आणि बटणे काढायचा चिमटा बहुधा खोक्यातच येतो. तो बिलासोबत एका पिशवीत ठेवावा. सोबत चार-सहा जादा स्विच आले असतील, तर तेही त्याच पिशवीत.