आधी खाटा मोजा

कर्नाटकातल्या आळंद तालुक्यातल्या मराठी घरातली मुलगी नर्सिंगला जायचं म्हणते, तेव्हा तिच्या शिक्षणाचे पहिले काही आठवडे नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल कार्यालयाच्या रांगेत जातात. जात-उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यावरचा आरडी नंबर केईएच्या, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या अर्जात बिनचूक भरायचा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की आरक्षणाचा दावा लटकला. शाळेनं दिलेल्या स्टडी सर्टिफिकेटवर बीईओची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याची सही हवी. कर्नाटकात किमान सात वर्षं शिकल्याचा पुरावा हवा. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल, तर माध्यम मराठी असलं तरी ग्रामीण कोट्यावर दावा सांगता येतो. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र हातचा जातो. ही सगळी कागदं प्लास्टिकच्या एका फोल्डरमध्ये आणि फोल्डर बापाच्या काखेत. तो फोल्डर घरातल्या सोन्यापेक्षा जपला जातो.

या फोल्डरमधला सर्वांत वजनदार कागद ‘३७१ जे’चा. आळंद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतं. भाषावार प्रांतरचनेत मराठवाडा मुंबई राज्याला मिळाला आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी), बिदर, रायचूर म्हैसूरला. मागे पडलेल्या या भागासाठी राज्यघटनेच्या ९८व्या दुरुस्तीनं कलम ३७१ (जे) आलं, ते २०१३ पासून अमलात आहे. त्यानुसार या प्रदेशातल्या शिक्षणसंस्थांत ७० टक्के जागा स्थानिकांना आणि राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के. दाखला असिस्टंट कमिशनरच्या कार्यालयातून मिळतो आणि त्यात तुमची भाषा कोणी विचारत नाही; तुम्ही किंवा तुमचे आईवडील इथलेच का, एवढंच पाहतात. सीमाभागातल्या मराठी माणसाला सरकारी कागदावर बिनवादाचं असं थोडंच काही मिळतं. म्हणून हा दाखला आधी काढावा.

भाषेचा हिशेब दुसऱ्या दारांवर होतो. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड भाषकांना कर्नाटक ‘गडिनाडु कन्नडिग’ म्हणून प्रवेशाला पात्र धरतं. त्यांची कन्नडची परीक्षा घेतली जाते. उलट बाजूनं महाराष्ट्र सीमेवरच्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी आपल्या वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशनियमांत तरतूद ठेवतो. यादीत आपलं गाव आहे का, हे अर्थातच आधी पाहावं लागतं. दोन्ही राज्यं एकमेकांच्या अंगणातली आपली माणसं मोजत बसली आहेत, आणि मधल्या मुलीला बायोलॉजीचे मार्क मोजायचे आहेत.

ते मार्क असे लागतात : बीएस्सी नर्सिंगला बारावीत, इकडच्या भाषेत पीयूसीत, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी मिळून ४५ टक्के, वय १७ पूर्ण. खुल्या गटाचा हा निकष, राखीव गटांना थोडी सूट. कोर्स चार वर्षांचा. जीएनएम हा डिप्लोमा तीन वर्षांचा, तिथं ४० टक्के चालतात आणि कला शाखेची मुलगीही चालते. एएनएम दोन वर्षांचा. अलीकडे कर्नाटकात बीएस्सीचे प्रवेश केईएच्या सीईटीतून होतात आणि महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. ज्यांना दोन्हीकडे नशीब अजमावायचं असतं ते दोन्ही अर्ज भरतात, दोन्ही पोर्टलांचे पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतात.

मग एजंटचा फोन येतो.

तो बेंगळुरूच्या कॉलेजचा असतो किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणच्या. बोलणं गोड, मराठीत आणि ‘ताई’ लावून. इमारतीचे फोटो येतात, लॅबमधल्या पुतळ्याचे येतात, होस्टेलच्या पलंगावरच्या फुलाफुलांच्या चादरीचेही येतात. ओरिजिनल मार्कशीट आधी जमा करा, सीट ‘ब्लॉक’ होते, असं तो सांगतो. सीट आवडली नाही तर ती मार्कशीट परत काढायला काय करावं लागतं, हे तो सांगत नाही. त्याच्या फोटोंत आणखी एक गोष्ट नसते, ती म्हणजे रुग्ण.

नर्सिंग कॉलेज म्हणजे त्याचं रुग्णालय. बाकीची इमारत ही वर्गांची सोय. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत याचं साधं गणित आहे : एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण. म्हणजे एका सकाळी ५० मुलं वॉर्डात उतरली, तर १५० माणसं भरती असायला हवीत. कॉलेजचं स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं आणि खाटांपैकी ७५ टक्के भरलेल्या असाव्यात, हेही त्याच निकषांत येतं. पालकांनी फीचा कागद मागण्याआधी हा हिशेब मागायला हवा. मुलगी ड्युटी कुठं करणार? तिथं किती खाटा? त्या वॉर्डात आणखी किती कॉलेजांची मुलं येतात? शेवटचा प्रश्न सर्वांत अडचणीचा, कारण एकाच जिल्हा रुग्णालयाच्या खाटा कागदावर अनेक कॉलेजांना वाटलेल्या असू शकतात. एका बाळंतिणीभोवती वेगवेगळ्या रंगांचे तीन-तीन युनिफॉर्म उभे दिसले, की समजावं.

आळंदकरांना खाटांसाठी फार लांब जावं लागत नाही. चाळीसेक किलोमीटरवर कलबुर्गी. तिथं जिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कामगार विम्याचं म्हणजे ईएसआयसीचं मोठं वैद्यकीय संकुल आहे, हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटीचं बसवेश्वर रुग्णालय आहे, ख्वाजा बंदानवाजांच्या नावाचं विद्यापीठ आणि त्याचं रुग्णालय आहे. शिवाय जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसला मुलींना तिकीट नाही. सोलापूर शंभरेक किलोमीटर. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. फुकट आणि अर्ध्यात फरक किती, हे चार वर्षं शनिवार-रविवार घरी येणाऱ्या मुलीच्या आईला विचारावं. तरीही काही घरं मुलीला बेंगळुरूला पाठवतात, कारण ‘बेंगळुरूला शिकली’ हे स्थळ बघताना जड पडतं. पडतं, हे खरं आहे.

वॉर्डात जाण्याआधी काही आठवडे लॅब. तिथं पुतळा पलंगावर आणि मॅडम उशाशी. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली असा खोचायचा की रुग्ण कुशीवर वळला तरी सुटू नये. उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराच्या विरुद्ध बाजूला. नव्या मुलींना याचं हसू येतं. बीपीचा पट्टा एकमेकींच्या दंडाला बांधून मनगटाची नाडी धरायची, ती लागेनाशी होईपर्यंत फुगवायचं, त्यावर आणखी तीस चढवायचे आणि मग स्टेथोस्कोप लावून हळूहळू हवा सोडायची. पहिल्या दिवशी कुणालाच काही ऐकू येत नाही. सगळ्या १२०-८० सांगून मोकळ्या होतात. मॅडमला ते माहीत असतं.

वॉर्डातली सकाळ आठला सुरू होते. आठ ते दोन, दोन ते आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा पाळ्या. विद्यार्थिनींना सुरुवातीला पहिली, रात्रपाळी नंतरच्या वर्षांत. जाणारी सिस्टर खाटेखाटेवरून ‘ओव्हर’ देते : कुणाचं सलाईन किती राहिलं, कुणाला उपाशी ठेवायचं, कुणाची लघवी मोजायची. मुली मागे वह्या घेऊन. मग टीपीआर, म्हणजे ताप, नाडी, श्वास. श्वास मोजताना रुग्णाला कळू द्यायचं नसतं, नाहीतर तो निराळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर मात्र छातीवर. ही चोरी पहिल्याच आठवड्यात शिकवली जाते.

औषध देण्याची रीत याहून काटेकोर. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाठ असतंच. पण ‘योग्य रुग्ण’ ठरवायचा कसा? नवखी मुलगी केसपेपर बघून विचारते, “तुम्ही शांताबाईच ना?” कलबुर्गीच्या वॉर्डात या प्रश्नाला कोणीही मान डोलावतं. तापानं ग्लानीत असलेली बाई डोलावते, ऐकू न येणारी डोलावते आणि फक्त लंबाणी बोली समजणारी तांड्यावरची आजी तर आदरानं डोलावते. म्हणून शिकवतात की नाव सांगायचं नाही, नाव विचारायचं, आणि उत्तर हातावरच्या पट्टीशी, केसपेपरशी ताडायचं. आळंदची मुलगी इथं पुढं सरकते. तिला घरात मराठी, शाळेबाहेर कन्नड, बाजारात दख्खनी सवयीची असते. “येल्ली नोवु अद?” विचारून कन्नड आजीचं दुखणं ती जाणून घेते आणि उमरग्याकडून आलेल्या मामांना पुढच्याच खाटेवर मराठीत विचारते. केरळच्या मैत्रिणी तिलाच हाक मारतात. वर्गात मात्र सगळं इंग्रजीत, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलीचा पहिल्या वर्षाचा ॲनाटॉमीचा पेपर हा खरा घाट. वॉर्डात पुढं आणि पेपरात मागं, असं वर्षभर चालतं.

दुसरा घाट लॉगबुकचा. जुन्या बीएस्सी अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्रासाठी ३० गरोदर बायकांची तपासणी, २० नैसर्गिक बाळंतपणं, २० बाळंतिणींची देखभाल असे आकडे भरून द्यावे लागत. आकडे अभ्यासक्रमाबरोबर बदलले, पण पानं तीच : तारीख, नोंदणी क्रमांक, काय केलं, सही. जिथं रात्रंदिवस बाळंतपणं होतात तिथं ही पानं आपोआप भरतात. मुली थकून भागून लेबर रूमबाहेरच्या बाकावर डुलक्या घेतात, पण बाळाचं डोकं हातावर कसं पेलायचं हे हाताला कळलेलं असतं. जिथं बाळंतपणंच नाहीत तिथं मागच्या बॅचचं लॉगबुक फिरतं. अक्षर सुंदर, नोंदी पूर्ण, सही ठळक. अशा वह्या तपासणीत पास होतात, हे नर्सिंगमधल्या कुणालाही विचारावं. फार आढेवेढे न घेता सांगतील.

होस्टेलचं आयुष्य बाहेरून वाटतं त्याहून साधं. सहाला आंघोळीची रांग, साडेसातला बस, दोनला जेवण, दुपारी वर्ग, रात्री केअर प्लॅन लिहिणं. कलबुर्गीच्या मुलींना ज्वारीची भाकरी आणि तुरीचं वरण निदान शहरात मिळतं; इथल्या तूरडाळीला २०१९ मध्ये जीआय मानांकनही मिळालं. बेंगळुरूच्या मेसमध्ये तीन वेळा भात, आणि आळंदहून आलेल्या डब्यातली कडक भाकरी आठवडाभर पुरवून खाणं. मुलगे थोडे, पण आहेत. त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात आणि वजनदार रुग्ण उचलायचा असला की त्यांचीच आठवण होते.

घरच्यांचा नर्सिंगकडे बघण्याचा डोळा बदलतोय, तोही सरळ रेषेत नाही. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं १९११च्या सुमारास ससून रुग्णालयात बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा या कल्पनेनंच घरं बिथरत. विधवांनासुद्धा समजावून आणावं लागे. मार्च २०२०मध्ये कोविडनं झालेला देशातला पहिला मृत्यू कलबुर्गीच्या रहिवाशाचा नोंदला गेला. त्या काळात काही आयांनी मुलींना होस्टेलवरून परत बोलावलं, काहींनी पुढच्या वर्षी धाकटीलाही घातलं. दोन्ही एकाच गल्लीत घडू शकतं.

शेवटचं सत्र इंटर्नशिपचं. २०२१च्या नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे २२ आठवडे, आठवड्याला ४८ तास : प्रौढांच्या वॉर्डात सहा, बालरोग, मनोरुग्ण, प्रसूती आणि समाजआरोग्यात प्रत्येकी चार. समाजआरोग्यात निळ्या बॅगा घेऊन खेड्यात जायचं, बहुधा आपल्यासारख्याच. तिथं आजी पाणी पुढं करते आणि कुठल्या गावची, कुणाची, असं सगळं विचारून मगच बीपी मोजू देते.

निकालानंतर पुन्हा कागद. नोंदणी कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेकडे, बेंगळुरूला. सोलापूर किंवा पुण्यात नोकरी धरायची असेल तर तिथून एनओसी घेऊन मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत पुन्हा नाव घालायचं. एम्सची नॉरसेट ही नर्सिंग भरतीची परीक्षा द्यायची असेल तर अर्जाला नोंदणीचा क्रमांक हवाच. फोल्डर तोच असतो, आता जरा जाड झालेला, आणि बापाच्या काखेतून मुलीच्या बॅगेत गेलेला. परिषदेच्या खिडकीवर रांग लावताना तिला आरडी नंबर अजून तोंडपाठ असतो.