थायरॉइडच्या माथी काय काय मारायचं?

‘फुल बॉडी चेकअप’ केलं की साठ-सत्तर आकड्यांची पीडीएफ मोबाइलवर येऊन पडते. घरातल्या सगळ्यांची नजर त्यातल्या एकाच ओळीवर अडकते: टीएसएच ६.८, शेजारी ठळक अक्षरांत ‘हाय’. डॉक्टरांकडे जायच्या आधीच निकाल लागलेला असतो. वजन वाढलं ते यामुळेच, केस गळतात ते यामुळेच, मुलांवर ओरडणं होतं तेही यामुळेच. मावशी फोनवरून कोबी बंद करायला सांगते. शेजारच्या काकू हळहळतात, “एकदा गोळी लागली ना, की सुटत नाही हो!”

हॉर्मोन्सचा विषय निघाला की आपल्याकडे सर्वांत जास्त बदनामी थायरॉइडचीच होते. गंमत अशी की या ग्रंथीवर दोन्ही बाजूंनी अन्याय होतो. तिने न केलेल्या गोष्टी तिच्या नावावर खपवल्या जातात आणि तिने खरोखर केलेल्या गोष्टी ‘स्वभाव’ म्हणून माणसाच्या खात्यावर मांडल्या जातात.

ग्रंथी तशी लहान, कंठमण्याच्या जरा खाली, वजनाला पंधरा-वीस ग्रॅम. ती मुख्यतः टी-फोर तयार करते आणि थोडंसं टी-थ्री. नावातले आकडे रेणूतल्या आयोडिनच्या अणूंचे. टी-फोर हा बराचसा साठा. यकृत, मूत्रपिंड आणि इतर पेशी त्यातला एक अणू काढून टी-थ्री करतात आणि खरं काम ते करतं. पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुकं किती चालवायची हे ठरवतं. म्हणून हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, पाळी, केस, विचारांचा वेग, सगळीकडे त्याचा हात पोचतो. पण हे काम संथ असतं. अ‍ॅड्रिनलिन काही सेकंदांत छाती धडधडवतं. रक्तातलं टी-फोर निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात. ‘आज सकाळपासून चिडचिड होतेय, थायरॉइड वाढलं असेल’ हे गणित त्यामुळेच बसत नाही.

“टीएसएच वाढलं, म्हणजे थायरॉइड वाढलं”

अगदी उलट. टीएसएच थायरॉइडमध्ये बनतच नाही. ते बनतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत. वाड्याच्या माडीवरून खाली मारलेली हाक म्हणजे टीएसएच. खालून ‘ओ’ आली नाही की वरचा आवाज चढतो. थायरॉइड कमी पडायला लागलं की टीएसएच वाढतं. थायरॉइड जास्त झालं की टीएसएच जवळजवळ शून्यावर येतं. आणि हा आवाज चढतो तोही प्रमाणाबाहेर. टी-फोर निम्मं झालं तर टीएसएच शंभरपटीच्या घरात जाऊ शकतं. त्यामुळेच तपासणीसाठी तो आकडा सोयीचा आहे: खाली जरा बिनसलं तरी वर लगेच कळतं.

आता पुन्हा त्या रिपोर्टकडे पाहा. टीएसएच ६.८, पण खालच्या ओळीत फ्री टी-फोर नॉर्मल. म्हणजे वरून आवाज जरा चढला आहे, पण खालचं काम व्यवस्थित चाललं आहे. डॉक्टर याला ‘सबक्लिनिकल’ म्हणतात आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायला सांगतात, कारण अनेकांचा आकडा आपणहून खाली येतो. टीएसएच रात्री वाढतं, दुपारी उतरतं. मोठ्या आजारपणातून उठताना काही काळ वर राहतं. वयाबरोबरही थोडं सरकतं. पासष्टीपुढच्या सातशेहून अधिक लोकांवर युरोपात झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. सगळ्यांचं टीएसएच वाढलेलं, टी-फोर नॉर्मल. निम्म्यांना खरी गोळी दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. वर्षभरानंतर थकव्यात आणि इतर तक्रारींत दोन्ही गटांत फरक पडला नाही. टीएसएच दहाच्या वर असेल, किंवा बाई गरोदर असेल वा व्हायच्या बेतात असेल, तर मात्र प्रकरण वेगळं.

जाता जाता एक खबरदारी. केसांसाठी घेतात त्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं आणि काही लॅबमधल्या चाचणीची पद्धत त्याने फसते. टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. धडधाकट माणसाला थायरॉइड वाढल्याचा शिक्का बसतो. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस ती गोळी बंद ठेवावी.

“वजन वाढलं ते थायरॉइडनेच”

थोडं वाढतं, हे खरं. थायरॉइड चांगलंच कमी झालं असेल तर साधारण दोन ते पाच किलो, आणि त्यातही बराचसा भाग मीठ-पाण्याचा, चरबीचा नव्हे. पंधरा किलोंचा हिशेब या ग्रंथीकडे मागता येत नाही. उपचार सुरू झाले की पाण्याचं वजन उतरतं आणि मग काटा थांबतो. तिथे लोक गोळीवर रुसतात. काही जण तर थायरॉइड ठीक असताना वजन उतरवायला ही गोळी घेतात. हा उद्योग धोक्याचा आहे: हृदयाचा ठोका अनियमित होतो, हाडं ठिसूळ होतात, आणि उतरतं त्यात स्नायूही असतात.

“कोबी बंद, आयोडिन वाढवा”

कोबी, फ्लॉवर, मुळा यांत थायरॉइडला आयोडिन घेऊ न देणारी द्रव्यं असतात, हे खोटं नाही. पण शिजवल्यावर ती बरीच कमी होतात आणि आहारात पुरेसं आयोडिन असेल तर रोजच्या भाजीने काही बिघडत नाही. कोबीची भाजी खुशाल खा.

आयोडिनची गोष्ट मोठी आहे. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात गलगंडाचा अभ्यास केला. काही भागांत आयोडिनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं. आयोडिन मिळालेल्या भागांत गलगंड झपाट्याने घटला. त्या पायावर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. हिशेब सोपा आहे: घरी पोचणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम आयोडिन असावं लागतं, म्हणजे दहा ग्रॅम मिठातून दिवसाची १५० मायक्रोग्रॅमची गरज भागते. हल्ली ‘शुद्ध’ म्हणून सैंधव मिरवलं जातं. उपवासाला ठीक आहे, पण त्यात सहसा आयोडिन मिसळलेलं नसतं. गरोदर बाईच्या घरात तर रोजच्या डब्यात तेच एक मीठ असू नये.

पण आयोडिन मिळायला लागल्यावर जो थायरॉइडचा आजार उरतो, तो बहुतेक वेळा आयोडिनच्या कमतरतेचा नसतोच. आपलीच रोगप्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोतो या तरुण जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी टिपली. निबंध जर्मन नियतकालिकात छापून आला. पुढे तो गावी परतून वडिलोपार्जित दवाखाना चालवू लागला आणि १९३४ मध्ये टायफॉइडने गेला. ही शरीराची स्वतःवरची चाल आहे हे १९५६ मध्ये, रक्तात ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं सापडल्यावर कळलं. आज जगभर हा आजार हाशिमोतोच्या नावाने ओळखला जातो. यात वरून समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडिनच्या गोळ्या घेतल्या तर आजार बळावूही शकतो.

“शरीराचा आजार आहे, स्वभावाशी काय संबंध?”

इथे मात्र आपण नेमके उलटे चुकतो. टीएसएच ६.८ असलेली आई मुलांवर ओरडते त्याला बाकीची शंभर कारणं असतील. पण थायरॉइड खरोखर खालावलं की माणूस हळूहळू बदलतो, आणि इतका हळू की घरच्यांना तो आजार वाटतच नाही. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला वेळ लागतो. आवाज जाडसर, घोगरा होतो. बोलकी बाई गप्प होते, कशात रस घेत नाही, भर उन्हाळ्यात शाल ओढून बसते. तरुण असेल तर ‘आळशी झाली’, म्हातारी असेल तर ‘वयाचं विसरणं’. लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर या डॉक्टरने १९४९ मध्ये असे चौदा रुग्ण नोंदवले. त्यांना भ्रम होत, संशय येई. वेडाच्या सीमेवर गेलेली माणसं. थायरॉइडचा उपचार मिळाल्यावर त्यांतली बहुतेक सुधारली.

हा संथपणा डोळ्यांनी दिसतो. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकवून बसवतात, पावलं मोकळी सोडतात आणि टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडीने हलकेच टिचकी मारतात. पाऊल झटकन हलतं, तिथवर सगळं नेहमीसारखं. मग ते परत येताना रेंगाळतं. मशीन, लॅब काही नाही, आणि तरी स्नायूपर्यंत पोचलेली मंदगती समोर उभी राहते.

थायरॉइड वाढलं तर चित्र फिरतं. भूक दणदणीत आणि वजन मात्र घटतं, झोप लागत नाही, घाम फुटतो, बारीकसारीक गोष्टीवरून भडका उडतो. डॉक्टर हात समोर ताठ धरायला लावून बोटांवर कागद ठेवतात, तो कागद थरथरतो. घरचे मात्र ‘ऑफिसचं टेन्शन’ म्हणून सोडून देतात.

बाळंतिणीच्या बाबतीत याहूनही जास्त चुकतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांच्या ग्रंथीला सूज येते. आधी साठवलेलं हॉर्मोन एकदम रक्तात सांडतं, धडधड आणि चिडचिड होते. मग दोन-तीन महिन्यांत साठा संपतो आणि थकवा, उदासी सुरू होते. बाळ रात्रभर जागवतं, मग थकवा असणारच, असं सगळे म्हणतात आणि ते चुकीचंही नसतं. पण एका रक्ततपासणीने कळण्यासारखी गोष्ट ‘सून पहिल्यासारखी राहिली नाही’ यावर संपते. उदासीनता असलेल्या बहुतेक माणसांचं थायरॉइड ठीकच असतं आणि त्यांना मानसोपचाराऐवजी थायरॉइडची गोळी देऊन उपयोग नाही, हेही इथेच सांगायला हवं.

“गोळीची सवय लागते”

१८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरने थायरॉइड जवळजवळ बंद पडलेल्या ४६ वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती बाई त्यानंतर २८ वर्षं जगली. पुढे एडवर्ड केंडॉल या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ च्या नाताळात ग्रंथीतलं ते हॉर्मोन स्फटिकरूपात वेगळं काढलं. आजची गोळी म्हणजे कारखान्यात बनवलेला अगदी तोच रेणू. ग्रंथी जे बनवत नाही ते आपण बाहेरून भरतो. यात व्यसन कसलं? गोळी थांबवल्यावर आकडा वाढतो तो सवय लागल्यामुळे नव्हे, ग्रंथी अजून बंद असल्यामुळे. काहींची गोळी सुटतेही, विशेषतः बाळंतपणानंतरची सूज ओसरल्यावर.

गोळी लागू पडत नाही या तक्रारीचं कारण मात्र पुष्कळदा ओट्यावर सापडतं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. आपल्याकडे तोंड धुतल्या धुतल्या चहाचं आधण चढतं, गोळी त्याच घोटाबरोबर जाते. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तर चार तास लांब हव्यात, नाहीतर त्या हॉर्मोन आतड्यातच धरून ठेवतात. सकाळी जमतच नसेल तर शेवटच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेतली तरी चालते, मात्र वेळ रोज तीच ठेवावी. डोस बदलला की तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. पंधराव्या दिवशी लॅब गाठून घाबरण्यात अर्थ नाही, टीएसएचला स्थिर व्हायलाच तेवढा वेळ लागतो.

“गरोदरपणात औषध कशाला, बाळाला बाधेल”

या एका समजुतीने होणारं नुकसान भरून येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते. त्याचा मेंदू आईच्या टी-फोरवर घडतो. त्यामुळे आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिले की गोळी बंद करायची नसते, उलट बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, पाव ते अर्ध्या पटीने. दिवस राहिल्याचं कळलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगावं.

आणि बाळ जन्मल्यावर त्याची स्वतःची तपासणी. भारतात साधारण हजारातल्या एका बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मतः नीट चालत नाही. आईकडून आलेल्या हॉर्मोनवर ते सुरुवातीला छान गुटगुटीत दिसतं. लांबलेली कावीळ, घोगरं रडणं, बद्धकोष्ठ, बाहेर डोकावणारी जीभ ही लक्षणं पुढे येतात आणि तोवर मेंदूचे मोलाचे दिवस गेलेले असतात. म्हणून जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेला टोचून रक्ताचे थेंब घेतात. त्याआधी घेतलं तर जन्मावेळी उसळलेलं टीएसएच दिशाभूल करतं. ही तपासणी सगळीकडे आपोआप होत नाही, दवाखान्यातून घरी निघताना ती झाली का आणि रिपोर्ट कधी मिळणार हे विचारून घ्यावं लागतं. दोष सापडला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू करायची. ती कुटून चमच्यात आईच्या दुधाच्या चार थेंबांत कालवतात आणि पाजतात. दुधाच्या बाटलीत टाकत नाहीत, कारण बाळ अर्धं दूध पिऊन झोपलं तर औषधही अर्धंच पोटात जातं. मूल तीन वर्षांचं झालं की पुन्हा तपासून गोळी पुढे चालू ठेवायची का, ते ठरतं.