नैराश्याची गोळी सुरू झाली आणि राग वाढला, तर?

डॉक्टरांनी नैराश्यावर गोळी सुरू केली, आठ दिवस झाले. घरच्यांना वाटत होते की मुलगा आता शांत होईल, जेवेल, झोपेल. तो मात्र ताट ढकलून देतो, धाकट्या भावावर ओरडतो, रात्री उठून येरझाऱ्या घालतो. मग घरात दोन निष्कर्ष निघतात. एक, 'गोळ्यांनी डोकं फिरवलं, बंद करा.' दुसरा, 'आजार कसला, हा माजलाय.' वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही ही दोन्ही वाक्ये ऐकतो. दोन्हींमुळे नुकसान त्या तरुणाचेच होते.

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही आपल्याकडे नेहमी दिली जाणारी औषधे एकाच गटातली. मेंदूतील एक पेशी दुसरीला निरोप देताना सेरोटोनिन हे रसायन सोडते आणि काम झाले की ते परत शोषून घेते. ही गोळी ते परत शोषणे अडवते. हे अडवणे पहिल्या काही तासांतच सुरू होते, पण मन हलके व्हायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू नव्या पातळीशी जुळवून घेत असतो. तेव्हा मळमळ, डोकेदुखी, झोप उडणे, हात कापणे, बेचैनी आणि काहींमध्ये चिडचिड दिसते. म्हणजे त्रास आधी आणि आराम नंतर, असा हा उलटा क्रम आहे. सर्वांना त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यातल्या बहुतेकांचा एक-दोन आठवड्यांत ओसरतो. पण हा क्रम आधी कुणी सांगितलेलाच नसेल, तर माणूस पाचव्या दिवशी गोळी सोडून देतो.

राग येणे हा दुष्परिणाम असू शकतो, हे कुणाच्या कल्पनेतून आलेले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मार्च २००४ मध्ये डॉक्टरांना आणि कुटुंबांना सावध केले. ज्या लक्षणांवर नजर ठेवायला सांगितले त्यांत अस्वस्थता, घाबरण्याचे झटके, निद्रानाश यांच्यासोबत चिडचिड, शत्रुत्वाची भावना आणि अविचारी वागणे यांचीही नोंद होती. त्याच वर्षी मुले व किशोरवयीन रुग्णांवरील २४ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. ४,४०० हून अधिक रुग्णांपैकी खरी गोळी घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के जणांत आत्महत्येचे विचार किंवा तसे वर्तन आढळले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २ टक्के. या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नव्हती. २००७ मध्ये ही सूचना २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवली गेली. आपल्या वाचकांतले कितीतरी जण याच वयाचे आहेत. आणि हे नीट वाचा: औषध घेऊ नका, असे ती सूचना म्हणत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना रुग्णाकडे लक्ष ठेवा, असे ती म्हणते. उपचार न झालेले नैराश्यही जीव घेते.

सगळा राग एकाच प्रकारचा नसतो, आणि इथेच घाई होते. नुसती झोप बिघडल्यामुळे आलेली चिडचिड वेगळी. डॉक्टर गोळी रात्रीऐवजी सकाळी घ्यायला सांगतात आणि कधी तेवढ्यानेच भागते. अकाथिसिया हा प्रकार त्याहून गंभीर. यात माणसाला एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात, अंगातून काहीतरी ढवळून निघतेय असे वाटते. बाहेरून तो फक्त चिडलेला दिसतो. 'शांत बस' म्हटले की तो अंगावर येतो, कारण शांत बसणे हीच त्या वेळी त्याच्या शरीराला न जमणारी गोष्ट असते. त्याला ध्यानाला बसवणारेही भेटतात. भावना चांगली असेल, पण हा त्रास डोस कमी करून किंवा औषध बदलून जातो.

तिसरा प्रकार बायपोलर, म्हणजे द्विध्रुवी आजाराचा. या आजारात नैराश्याच्या जोडीने उन्मादाचे टप्पेही येतात. पहिल्यांदा फक्त नैराश्य दिसले आणि तेवढ्यावरच गोळी सुरू झाली, तर उन्माद उसळू शकतो. तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणे थांबत नाही, उधार घेऊन खर्च, आडवे आलेल्या प्रत्येकाशी भांडण. घरचे आधी खूश होतात की पोरगा उठून कामाला लागला! ही चिन्हे दिसली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. घरात कुणाला हा आजार असेल, तर पहिल्याच भेटीत सांगावे.

शिवाय नैराश्य म्हणजे रडणेच, असेही नाही. किशोरवयीन मुलांत आणि पुष्कळ पुरुषांत ते चिडण्यातूनच दिसते. म्हणून गोळी सुरू होण्याआधी राग किती होता, हे आठवून सांगणे फार उपयोगाचे. सोबत दारू चालू आहे का, गोळी मध्येच चुकते का, हेही लपवू नये.

आणखी एक गोष्ट चळवळीतल्या तरुणांसाठी. वसतिगृहात जातीवरून टोमणा मारला आणि तुम्हाला राग आला, तर तो गोळीचा दुष्परिणाम नव्हे. गोळी घेतो म्हणून त्याची प्रत्येक तक्रार 'औषधाचा असर' म्हणून बाजूला सारणे हा अन्यायच आहे. फरक ओळखायला कारण आणि प्रमाण बघावे. राग कशाचा आहे हे सांगता येते का? की चहा थंड झाला एवढ्यावरून कप भिंतीवर आपटला आणि नंतर स्वतःलाच ओळखू येईना?

मग करायचे काय? गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, राग कोणत्या दिवसापासून आला, झोप किती, हे तारखेसह वहीत लिहा. ही वही घेऊन गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे जा किंवा फोन करा. ते डोस कमी करतात, सावकाश वाढवतात किंवा औषध बदलतात. स्वतःहून अचानक बंद करू नका, कारण अचानक थांबवल्यानेही चिडचिड, चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होणे असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये तो जास्त. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी गोळ्या बंद करणारेही आहेत. गोएंका गुरुजींच्या परंपरेतील केंद्रांच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधांविषयी विचारलेले असते. तिथे खरे लिहा, आणि आधी डॉक्टरांशी बोला.

मरण्याचे विचार आले, कुणाला इजा करावीशी वाटली, किंवा ताप, घाम, अंग कडक होणे आणि गोंधळ एकत्र दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि रुग्णाला एकटे सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

ओपीडीत रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ कमी असतो, हे आम्हाला माहीत आहे. तरीही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २२ नुसार उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती, आपल्याला समजेल अशा भाषेत, मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. तेव्हा केसपेपर हातात घेऊन उठण्याआधी दोन प्रश्न विचारा: पहिल्या दोन आठवड्यांत काय त्रास होऊ शकतो, आणि झाला तर फोन कुणाला करायचा?