पत्रे, पाईप आणि आपली बोटे

मृग नक्षत्र जवळ आले की घरांवरचे, गोठ्यांवरचे आणि कांदाचाळीवरचे पत्रे बदलण्याची एकच घाई सुरू होते. हार्डवेअरच्या दुकानासमोर टेम्पो उभे राहतात, फॅब्रिकेशनवाल्यांकडे रात्री उशिरापर्यंत ठिणग्या उडतात. त्याच दिवसांत माझ्या दवाखान्यात हाताला रुमाल गुंडाळून आलेल्या रुग्णांची संख्या वाढते. कुणाचा तळवा चिरलेला असतो, कुणाच्या डोळ्यात कण गेलेला असतो, तर कुणाला रात्री अचानक हुडहुडी भरून ताप आलेला असतो.

पत्रा आणि पाईप या वस्तू इतक्या रोजच्या आहेत, की त्यांची भीती कुणालाच वाटत नाही. विस्तवाला आपण भितो, विजेला भितो, पण पत्रा उघड्या हाताने उचलतो. माझे असे मत झाले आहे की, या वस्तू कारखान्यात कशा तयार होतात हे एकदा समजले, तर त्यांच्यात इजा कोठे दडलेली आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणून आज थोडी पत्र्याची जन्मकथा आणि तिच्यासोबत आरोग्याच्या चार गोष्टी.

लाटलेले पोलाद

रसवंतीचा चरक आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन रूळ एकमेकांकडे फिरतात आणि मधून ऊस पिळून निघतो. पोलादाचा पत्रा अशाच रूळांमधून लाटला जातो. सुमारे 20 ते 25 सेंटिमीटर जाडीची पोलादाची लाद भट्टीत 1200 अंश सेल्सियसच्या आसपास तापवतात आणि लालभडक असतानाच एकामागून एक रूळांमधून काढतात. काही मिनिटांतच तिची शेकडो मीटर लांब पट्टी होते. ती गुंडाळली की तयार होते कॉइल. एका कॉइलचे वजन वीस-पंचवीस टनही भरते. रूरकेला, बोकारो आणि आपल्या रायगड जिल्ह्यातील डोळवी येथे अशा कॉइल तयार होतात.

गरम पोलादावर काळी पपडी धरते. ती काढण्यासाठी पट्टी हायड्रोक्लोरिक ॲसिडमधून नेतात. नंतर ती न तापवता पुन्हा लाटतात. तेव्हा तिची जाडी अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी होते. शेवटी ही पट्टी सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्तातून काढली की आपला जस्ती पत्रा तयार होतो. वासिंद, तारापूर, कळमेश्वर येथील कारखान्यांत हे काम चालते. जस्त चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी 1837 साली घेतले. पत्र्याला नागमोडी घड्या घालून तो ताठ करण्याची युक्ती त्याच्याही आधीची, इंग्लंडमधील पामर यांची, 1829 सालची आहे.

पाईपही बहुधा पट्टीचाच असतो. कॉइलच्या अरुंद पट्ट्या कापतात, रूळांमधून काढत त्या गोल वळवतात आणि दोन्ही कडा विजेने तापवून व दाबून जोडतात. चौकोनी पाईप हवा असेल तर त्याला पुढे चौकोनी आकार देतात.

आता पाहा. लाटून पातळ केल्यामुळे आणि कापल्यामुळे धार आली. गुंडाळल्यामुळे ताण आला. जस्तामुळे धूर आला. आणि लांबीमुळे आली वीज. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक इजा या चारांतूनच जन्मतात.

धार : जखम लहान, नुकसान मोठे

पत्र्याची कापलेली कड सुरीसारखी सरळ नसते. तिच्यावर बारीक दातेरी कंगोरे असतात. पत्रा मुठीत धरलेला असताना निसटला, की आपण नकळत मूठ आणखी आवळतो आणि तो करवतीसारखा तळव्यातून सरकतो. बोटे वाकवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि बोटांना संवेदना देणारे मज्जातंतू तळव्याच्या कातडीपासून फार खोल नसतात. त्यामुळे बाहेरून इंचभर दिसणाऱ्या जखमेत आतली दोरी पूर्ण तुटलेली असू शकते.

एकोणीस-वीस वर्षांचा एक हेल्पर माझ्याकडे आला, तेव्हा त्याची जखम वरून चांगली भरलेली होती. पत्रा लागून तीन आठवडे झाले होते. त्याने हळद भरून फडके बांधले होते.

“डॉक्टरसाहेब, जखम बरी झाली, पण बोट मुडपत नाही. सूज असेल का?”

“मूठ वळून दाखव बघू.”

चार बोटांतील तीन वळली, तर्जनी तशीच ताठ राहिली. कंडरा तुटून आत ओढली गेली होती. त्याच दिवशी किंवा पहिल्या काही दिवसांत शल्यचिकित्सकाकडे गेला असता, तर एका शस्त्रक्रियेत टाके पडले असते. उशीर झाल्यामुळे दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया करावी लागली आणि पुढे कित्येक महिने व्यायाम. हातावर पोट असलेल्या घरात तेवढे महिने कसे गेले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणून हात कापला तर आधी स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. मध्ये मध्ये उघडून न पाहता दहा-पंधरा मिनिटे दाब कायम ठेवा. हळद, चहाची पूड, चुना, रॉकेल यांपैकी काहीही भरू नका. रक्त थांबल्यावर तीन गोष्टी पाहा. प्रत्येक बोटाचे टोक स्वतंत्रपणे वाकते का? प्रत्येक बोट सरळ होते का? बोटाच्या दोन्ही बाजूंना स्पर्श सारखाच कळतो का? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर जखम कितीही लहान दिसो, त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठा.

बोट तुटून वेगळे झाले तर ते फेकू नका आणि थेट बर्फातही टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि बोट जोडण्याची सोय असलेल्या रुग्णालयाला निघण्यापूर्वीच कळवा.

गंज आणि धनुर्वात

“डॉक्टर, पत्रा नवा कोरा होता, गंज नव्हता, मग इंजेक्शन कशाला?” हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. धनुर्वात गंजामुळे होत नाही. तो होतो माती, धूळ आणि शेण यांत राहणाऱ्या जंतूंमुळे. चकचकीत पत्राही गोठ्याच्या अंगणात पडलेला असतोच. जखम मातकट किंवा खोल असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर लस घ्यावी. जखम लहान व स्वच्छ असेल तर ही मुदत दहा वर्षांची आहे. हल्ली टीटीऐवजी टीडी ही लस देतात, ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. लहानपणापासून लसच घेतलेली नसेल तर तसे डॉक्टरांना सांगा, वेगळे इंजेक्शनही लागू शकते.

वजन आणि ताण

पत्र्याचे वजन काढण्याचा हिशेब सोपा आहे. एक मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे 7.85 किलो भरते. म्हणजे 8 फूट बाय 4 फुटांचा एक पत्रा सव्वातेवीस किलोच्या पुढे जातो. भिंतीला टेकवून उभे केलेले असे वीस पत्रे म्हणजे साडेचार क्विंटलहून जास्त ओझे. मधला एखादा पत्रा काढण्यासाठी पुढचे पत्रे अंगावर ओढून धरले, की सगळी थप्पी पायावर किंवा छातीवर येते. पत्रे शक्यतो आडवेच ठेवावेत. उभे ठेवायचेच असतील तर पक्का घोडा करून साखळीने बांधावेत.

कॉइल आणि पाईपच्या गठ्ठ्याला बांधलेली पोलादी पट्टी ताणलेली असते. कापताच ती चाबकासारखी उसळते. कापणाऱ्याने समोर न राहता बाजूला उभे राहावे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ट्रकमधून पाईप उतरवताना आधी खाली लाकडी पाचर ठोकावी, मगच पट्टी कापावी. हातात अंगठी नको. ट्रकवरून उडी मारताना ती कशात अडकली, तर बोटाचे मांस सोलवटून निघते.

हातमोज्यांबद्दल एक बारकावा सांगतो. पत्रा उचलताना जाड, न कापले जाणारे हातमोजे अवश्य घाला. पण ड्रिल मशीन किंवा पत्रा वाकवण्याचे फिरते रूळ यांच्याजवळ ते काढून ठेवा. चरकात ऊस ओढला जातो, तसा मोज्याबरोबर हात ओढला जातो. ड्रिल मारताना पत्रा हातात धरू नका, शिकंज्यात पक्का करा. बिट अडकले तर पत्रा पंख्याच्या पात्यासारखा गरकन फिरतो.

जस्ताचा धूर आणि रात्रीचा ताप

इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असा त्यांचा आग्रह होता. तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न तितकाच कामाचा आहे. एका वेल्डरला महिन्यातून दोन-तीनदा संध्याकाळी थंडी वाजून ताप यायचा, अंग ठणकायचे, तोंडाला गोडसर धातूसारखी चव यायची. दुसऱ्या दिवशी सगळे ठीक. हिवतापाची तपासणी दर वेळी निर्दोष. कामाची चौकशी केल्यावर उलगडा झाला. ज्या दिवशी जस्ती पाईपचे गेट जोडायचा, त्याच रात्री ताप!

जस्त 419 अंशांवर वितळते आणि 907 अंशांवर उकळते. पोलाद वितळायला 1500 अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे वेल्डिंगचा टाका पडण्याआधीच जस्ताची वाफ होते आणि तिचा पांढरा धूर छातीत जातो. चार ते दहा तासांनी ताप भरतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याचे शरीर थोडे सरावते आणि सुट्टीत तो सराव मोडतो, म्हणून सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्रास अधिक होतो. जुन्या काळी याला ‘सोमवारचा ताप’ म्हणत.

अनेक कारागीर यावर दूध किंवा गूळ घेतात. दूध-गूळ हा चांगला आहार आहे, पण तो धुरावरचा उतारा नव्हे. खरा उपाय म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंचे जस्त आधी मास्क लावून ग्राइंडरने काढणे, मोकळ्या जागेत वारा बाजूने येईल असे बसणे आणि धुरासाठी बनवलेला मास्क वापरणे. तोंडाला बांधलेला रुमाल हा धूर अडवत नाही. वेल्डिंगचा धूर कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली दिला. तेव्हा हा प्रश्न एका रात्रीच्या तापापुरता नाही.

धाप लागली, छातीत दुखले, ओठ निळसर पडले किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर घरी थांबू नका. पावसाळ्यात ताप आला तर तो धुराचाच असे गृहीत न धरता रक्त तपासून घ्या.

डोळा

ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला तर चोळू नका. काडीने किंवा पदराच्या टोकाने काढण्याचा प्रयत्नही नको. स्वच्छ पाण्याने धुऊनही खुपत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जा. लोखंडी कण बुबुळावर राहिला तर तेथे गंजाचे वर्तुळ धरते. छन्नी-हातोड्याचे काम करताना डोळ्याला काही लागले आणि नजर थोडी जरी धूसर झाली, तर कण डोळ्याच्या आत शिरला असण्याची शक्यता असते. अशा वेळी डोळा दाबू नका आणि त्याच दिवशी दाखवा.

वीस फुटांचा पाईप आणि वरची तार

पाईपची नेहमीची लांबी वीस फूट. दोन इंची जस्ती पाणीपाईपचे वजन तीस किलोच्या आसपास असते. असा पाईप विहिरीवर किंवा गच्चीवर उभा करताना नजर खाली असते आणि वरची वीजवाहिनी विसरली जाते. उच्च दाबाच्या तारेला टेकण्याचीही गरज नसते. पाईप फार जवळ गेला तरी वीज झेप घेते. पाईप नेहमी आडवा, दोघांनी मिळून वाहावा. उचलण्यापूर्वी एकदा वर पाहावे.

कुणाला धक्का बसलाच तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका. मोठ्या वाहिनीजवळ लाकडी काठीचाही भरवसा धरू नका, लगेच वीज कार्यालयाला कळवा. वीज बंद झाल्यावर तो श्वास घेत नसेल, तर 108 ला फोन करा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाबत राहा. मदत येईपर्यंत थांबू नका.

मालकांसाठी दोन शब्द

हातमोजे, चष्मा, मास्क, जाड तळव्याचे बूट आणि एक प्रथमोपचार पेटी यांचा एकत्र खर्च एका दिवसाच्या दवाखान्यापेक्षा जास्त होत नाही. पेटीत निर्जंतुक गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, कात्री, पाण्याची बंद बाटली आणि स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या असाव्यात. नव्या मुलाला कामावर घ्याल, तेव्हा पहिल्या दिवशी त्याला पत्रा कापायला लावण्याआधी पत्रा धरायला शिकवा. पावसाळ्याच्या तोंडावर काम कितीही असले, तरी बोटे दहाच असतात आणि घर त्यांच्यावरच चालते.